लेबलावर नसलेली नावे : जॅझच्या तबकड्या आणि आपला संग्रह

नामदेव महाराजांच्या गावात उभे राहून जॅझच्या तबकड्यांबद्दल बोलायचे, हे थोडे विचित्रच आहे. आम्हाला ते मान्य आहे. टाळ-मृदंगाच्या कानांना ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे काय, असे कुणी म्हणेल. पण जरा आठवून बघा. हिंगोलीच्या कुठल्याही लग्नात वरातीपुढे बँड असतो, आणि त्यात ट्रम्पेट असते, क्लॅरनेट असते, कधी सॅक्सोफोनही असतो. आणि त्याआधी, मांडवात लाउडस्पीकरवाला तबकड्यांची पेटी घेऊन यायचा तेव्हा तो काय लावायचा? 'शोला जो भडके' लावायचा, 'ईना मीना डीका' लावायचा. ही गाणी ज्यांनी ऐकली त्यांनी जॅझ ऐकलेलेच आहे. फक्त ते जॅझ आहे हे कुणी सांगितले नाही, आणि ते कोण वाजवत होते हे तर तबकडीनेही सांगितले नाही.

आज आम्हाला याच न सांगितलेल्या गोष्टीवर बोलायचे आहे. तबकड्या जमवणारे लोक काय जमवतात, आणि काय त्यांच्या हातून निसटते? आम्हीही त्यांच्यातलेच आहोत, तेव्हा टीका होईल ती आधी स्वतःवर.

ज्यांनी हे संगीत कधी मुद्दाम ऐकले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. भजनात काय होते? धृपद सगळे मिळून म्हणतात, मग एकजण चरण घेतो, त्यात आपली ताकद दाखवतो आणि पुन्हा धृपदावर येतो. जॅझची रीत याच्या फार लांबची नाही. आधी सगळे मिळून एक ओळखीची चाल वाजवतात. मग त्याच चालीच्या आवर्तनावर एकेक वादक पुढे येऊन त्या क्षणी सुचेल ते वाजवतो, आणि शेवटी सगळे मूळ चालीवर परततात. म्हणजे काल जे वाजले ते आज तसेच वाजणार नाही. तसेच वाजले तर ऐकणारा नाराज होतो.

आता असे संगीत तबकडीवर घ्यायचे, यातच पहिली गोम आहे. जुनी दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि एका बाजूला साधारण तीन मिनिटांत संपायची. लाखेची ती तबकडी, हातातून पडली की ठिकऱ्या. तीन मिनिटांत कोण किती खुलणार? आपल्या गवयांचेही तेच झाले. तासाभराचा राग तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे लुगडे काडेपेटीत घालण्यासारखे. १९४८ साली अमेरिकेत लाँगप्ले निघाली, मिनिटाला ३३ फेरे आणि वर एक तृतीयांश, एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त, आणि लाखेऐवजी विनाइल. तिथे जॅझला श्वास घ्यायला जागा मिळाली. संग्राहक ज्यांना अभिजात म्हणतात ते बहुतेक अल्बम त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांतले आहेत.

त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला म्हणजे माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. १९५९ चा. याची पहिली छपाई मिळावी म्हणून लोक काय वाट्टेल ते करतात. लेबलाचा रंग बघतील, लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेले आकडे भिंगातून वाचतील, कव्हरची कड हाताने चाचपतील. ही विद्या खोटी नाही, आम्हीही ती शिकलो. पण गंमत ऐका. त्या अल्बमच्या पहिल्या बाजूच्या तीन रचना ज्या दिवशी मुद्रित झाल्या, त्या दिवशी मुख्य यंत्र किंचित हळू फिरत होते. त्यामुळे ती फीत नेहमीच्या गतीने वाजवली की सूर थोडा चढा येतो. तीच फीत तबकडीवर गेली. तीस वर्षांहून जास्त काळ जगाने चढ्या सुरातला 'काइंड ऑफ ब्लू' ऐकला. घरी तबकडीबरोबर वाद्य वाजवून शिकणारे आपलेच वाद्य बिघडले म्हणून खुंट्या पिळत राहिले. चूक सुधारली १९९० च्या दशकात, दुसऱ्या यंत्रावरची जपून ठेवलेली फीत सापडल्यावर. म्हणजे ज्या पहिल्या छपाईसाठी लोक लाख मोजतात, तिच्यातच सूर चुकलेला आहे! जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. सगळ्यांत जुनी प्रत ती सगळ्यांत खरी प्रत, असे त्यांच्याकडे कुणी डोळे मिटून मानत नाही. संग्राहक मात्र मानतो.

पण हे झाले परदेशाचे. आपल्याकडे काय झाले ते बघू.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णी अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन आला. पाठोपाठ इतर आले. पियानो वाजवणारा टेडी वेदरफर्ड तर इथलाच झाला आणि १९४५ साली कलकत्त्यात वारला. या लोकांचे वादन अगदी जवळून, त्यांच्या शेजारी बसून ऐकणारे आणि उचलणारे कोण होते? गोव्याचे वादक. पोर्तुगीज अंमलातल्या गोव्यात गावोगावच्या चर्चला लागून संगीतशाळा असत. तिथे पोराला अक्षरांबरोबर स्वरलिपी शिकवली जाई. हाताला व्हायोलिन येई, ओठाला ट्रम्पेट. मग पोटासाठी मुंबई. धोबीतलावच्या बाजूला गावागावाच्या कुडी होत्या, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेल्या खोल्या. तिथे ट्रंक ठेवायची आणि रात्री हॉटेलात वाजवायला जायचे.

हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ हा त्यांतला एक. १९१६ चा जन्म. जग त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखे आणि ट्रम्पेटमुळे भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणे. रात्री हॉटेल, दिवसा सिनेमाचा स्टुडिओ. तिथे त्याला भेटले सी. रामचंद्र, आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. चिक त्यांचा साहाय्यक झाला, आणि या जोडीतून १९५१ चा 'अलबेला' आला. भगवानदादांचा 'अलबेला'. चिक आणि त्याचे साथीदार त्यात पडद्यावरही दिसतात.

आता त्या गाण्यांची तबकडी हातात घ्या. चित्रपटाचे नाव आहे. गायकांची नावे आहेत : लता मंगेशकर, चितळकर. संगीत सी. रामचंद्र. चितळकर आणि सी. रामचंद्र हा एकच माणूस, पण त्याची दोन नावे दोन ठिकाणी छापली. आणि ट्रम्पेट फुंकणाऱ्याला, बोंगो बडवणाऱ्याला, क्लॅरनेटवाल्याला मिळून एकही नाव नाही. एका माणसाला दोन नावे आणि पंचवीस माणसांना शून्य. छापखान्यात जागा नव्हती असे म्हणता येत नाही, मंडळी. लेबल तसे बऱ्यापैकी रिकामे असते.

कुणी म्हणेल, तेव्हा पद्धतच तशी होती. होतीच. गायिकेचे नावसुद्धा सहज मिळत नव्हते. १९४९ च्या 'महल'मधले 'आयेगा आनेवाला' पहिल्यांदा तबकडीवर आले तेव्हा गायिका म्हणून छापले होते 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे नाव! रेडिओवर गाणे वाजले, हे कोण गाते म्हणून श्रोत्यांनी विचारले, तेव्हा लताबाईंचे नाव सांगितले गेले. ते श्रोत्यांनी मिळवून दिलेले नाव आहे. मग ट्रम्पेटवाल्याबद्दल कुणीच का विचारले नाही? कारण आपण शब्द ऐकतो, आवाज ऐकतो. मागे जे वाजते त्याला आपल्याकडे साथ म्हणतात, आणि साथीदाराचे नाव विचारायची सवय आपल्याला मैफलीत थोडीफार आहे, सिनेमात मुळीच नाही.

आणि ही साथ नुसती साथही नव्हती. चाल संगीतकाराची, पण दोन कडव्यांच्या मधले वाद्यसंगीत, कुठले वाद्य कुठे शिरणार, कुणाचा सूर कुणाच्या खाली राहणार, हे कागदावर लिहून काढणारा संयोजक असायचा, आणि तो बहुधा गोव्याचा असायचा. सेबॅस्टियन डिसूझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षे हे काम केले. त्या गाण्यांतले वाद्यसंगीत आपण आजही गुणगुणतो आणि श्रेय भलत्याला देतो. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत पोहोचले तेही कसे? त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये एका गाण्याच्या मुखड्यातच ते नाव घातले म्हणून. शिष्याने गुरूचे नाव गाण्यात ओवले. तरी देशाला वाटले ते अमिताभच्या पात्राचे नाव आहे. (हशा)

आता इथे नरसीत आल्यावर आम्हाला जे सुचले ते सांगतो. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा असते. 'नामा म्हणे'. ही किती शहाणपणाची सोय आहे! नाव वेगळ्या कागदावर नाही, लेबलावर नाही, ते गाण्याच्या आत आहे. गाणे गायचे तर नाव घ्यावेच लागते. कागद गेला, पोथी भिजली, गाव सुटले, तरी नाव शाबूत. महाराज पंजाबात गेले, तिथल्या लोकांनी त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात जपली, त्यातही नामा आहे. आणि त्या संकलनकारांनी आणखी एक गोष्ट केली, पदे रागांच्या मथळ्याखाली लावली. काय म्हटले, कुणी म्हटले आणि कुठल्या रागात म्हणायचे, तिन्ही गोष्टी एकत्र. संग्रह म्हणतात तो याला.

याच घरातले दुसरे उदाहरण घ्या. गंगाखेडची जनाबाई. इथून फार लांब नाही गंगाखेड. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी बाई. तिच्या अभंगात तिची मुद्रा आहे, तिने स्वतःला नामयाची दासी म्हटले, पण नाव घातले. सातशे वर्षांपूर्वी घरातल्या दासीचे नाव गाण्यात टिकले, आणि विसाव्या शतकात, छपाई, वीज, मोठमोठ्या कंपन्या असताना, ट्रम्पेटवाल्याचे टिकले नाही. याची आम्हाला फार बोचणी लागते. ट्रम्पेटमध्ये 'चिक म्हणे' असे कसे घालणार? त्याची मुद्रा फक्त त्याच्या फुंकीत. ऐकणाऱ्याला ओळखता आली तर आली.

मग संग्राहकांनी काय केले? इथे आम्हाला जरा कडू बोलायचे आहे. आमच्यातले पुष्कळजण मुंबईच्या चोरबाजारात गुडघ्यावर बसून धूळ खात तबकड्या चाळतात. त्या ढिगात परदेशी जॅझची एखादी लाँगप्ले दिसली की हात थरथरतो. कव्हर सुंदर, मागे माहिती, कोण काय वाजवतो, कुठल्या दिवशी मुद्रण झाले, सगळे छापलेले. ती घरी येते, प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते, कपाटात उभी राहते. आणि त्याच ढिगातली 'अलबेला'ची ७८ ची तबकडी? तिला आम्ही जॅझ मानलेच नाही. ती हिंदी सिनेमा गोळा करणाऱ्यांची. ते लोक ती घेतात, पण गायकासाठी आणि संगीतकारासाठी. म्हणजे लेबलाने ज्यांना वगळले त्यांना आमच्या कपाटांनी दुसऱ्यांदा वगळले. संग्रहाची वर्गवारी लेबलावरून होते, आणि लेबल तर कंपनीने माल खपवण्यासाठी लिहिलेले असते. आम्ही कानांनी गोळा करतो असे सांगतो आणि प्रत्यक्षात डोळ्यांनी करतो.

सरसकट सगळ्यांना झोडपणे बरोबर नाही. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली, सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकड्यांची माहिती लिहून ठेवायची शिस्त लावली, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचे नियतकालिक काढले. स्टुडिओतल्या वादकांकडे जाऊन, त्यांना बोलते करून ग्रेगरी बूथ यांनी २००८ साली 'बिहाइंड द कर्टन' लिहिले. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट'ने मुंबईच्या जॅझची माणसे उभी केली. पण बघा, ही दोन्ही पुस्तके इंग्रजीत. आपल्या मराठीत नाट्यसंगीताच्या तबकड्यांवर प्रेमाने लिहिणारे आहेत, चितळकरांवर लिहिणारे आहेत. चिकवर कोण लिहिणार?

एका लाँगप्लेबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण ती नेमकी या दोन कपाटांच्या मधोमध पडते. शंकर-जयकिशन यांची 'रागा जॅझ स्टाइल', १९६८, एचएमव्ही. अकरा राग, सतारीवर उस्ताद रईस खाँ, आणि भोवती मुंबईच्या स्टुडिओतली फौज. सॅक्सोफोन मनोहारी सिंग, ट्रम्पेट जॉन परेरा, पियानो लुसिला पाशेको, ड्रम लेस्ली गोदिन्हो, गिटार दिलीप नाईक. इथे वादकांची नावे नोंदलेली आहेत! आज हिची जुनी प्रत मिळवायला बाहेरदेशचे लोकही धडपडतात.

ती चांगली आहे का? आमचे मत सांगतो, पटले नाही तर सोडून द्या. ती ऐकायला अतिशय गोड आहे आणि जॅझ म्हणून अर्धीच आहे. अकरा राग एका तबकडीत म्हणजे प्रत्येकाला तीन-चार मिनिटे. लाँगप्ले हातात असून मापे ७८ चीच राहिली. सतार रागाची ओळख करून देते, सॅक्सोफोन उत्तर देतो, ट्रम्पेट एखादी झुळूक सोडते, आणि आता कुणीतरी खरेच सुटेल असे वाटते तेवढ्यात रचना संपते. सगळे आधी ठरलेले, लिहिलेले, नेटके. सिनेमातल्या दोन कडव्यांमधले वाद्यसंगीतच जणू गायक वगळून पुढे चालू ठेवले आहे. पण तेच तर तिचे मोल आहे! जे वादक आयुष्यभर कडव्यांच्या मधल्या वीस सेकंदांत राहिले, त्यांना इथे पहिल्यांदा पुढच्या ओळीत बसायला मिळाले. मोकळे सुटले असते तर काय वाजवले असते, याची नुसती चाहूल लागते. हातात मावणारी सगळी जागा द्यायची आणि बोलायला वेळ मात्र द्यायचा नाही, असे काहीसे झाले. संग्राहक तिला दुर्मीळ म्हणून पुजतात. आम्हाला ती अपुरी म्हणून प्रिय आहे.

आता एक धोक्याची सूचना, तीही नामदेवांच्याच गाथेतून. मुद्रा असली की सगळे सुरक्षित, असेही नाही. पुढे विष्णुदास नामा झाले, आणखीही नामे झाले, आणि त्यांच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या. कुठला नामा कुठला, हे अभ्यासक आजही निवडत बसलेले आहेत. मोठ्या नावाकडे छोट्यांची कमाई आपोआप वाहत जाते. आमच्या नादिष्ट लोकांत हेच सुरू झाले आहे. पन्नासच्या दशकातले कुठलेही चांगले ट्रम्पेट ऐकले की 'हा चिक!', साठ-सत्तरमधला कुठलाही सॅक्सोफोन ऐकला की 'हे मनोहारीदा!' अहो, त्या खोलीत दुसरेही होते. एकाला नाव देताना आपण चौघांचे पुन्हा पुसतो. माहीत नसेल तिथे वहीत रिकामी जागा सोडावी. ती रिकामी जागासुद्धा नोंदच असते.

मग ओळखायचे कसे? चोखोबांची कथा तुम्हाला आम्ही काय सांगावी. मंगळवेढ्याला कुसवाच्या कामावर भिंत कोसळली, मजूर गाडले गेले, त्यांत चोखोबा. काही काळाने नामदेव तिथे गेले तेव्हा सगळी हाडे एकत्र झालेली. कुणाचे कुठले, सांगणार कोण? हजेरीपट नाही, नावाची चिठ्ठी नाही. परंपरा सांगते की नामदेवांनी एकेक हाड कानाशी धरले, आणि ज्यातून विठ्ठलाचे नाव ऐकू आले ते चोखोबांचे म्हणून पंढरीला नेले. आम्ही लहानपणापासून ही कथा भक्तीची म्हणून ऐकली. तबकड्यांच्या नादाला लागल्यावर ती आम्हाला वेगळीच ऐकू यायला लागली. ढिगाऱ्यातल्या बेनाव मजुराला कानाने ओळखणारा माणूस. तो घाई करत नाही, आणि एकेक उचलून ऐकतो.

स्टुडिओतली ती पिढी आता जवळजवळ संपली. चिक १९६७ सालीच गेला. पण त्यांच्या बाजूला वाजवलेले, त्यांच्याकडे शिकलेले, घरातले लोक अजून आहेत. गोव्यात आहेत, वांद्र्यात आहेत. एखादी तबकडी त्यांच्यासमोर लावली तर ते सांगतात, हा अमका नव्हे, याची जीभ अशी पडत नसे. ही माहिती कुठल्याही लेबलावर नाही, आणि ती लिहून घ्यायला फार वर्षे उरलेली नाहीत. दहा हजारांची परदेशी छपाई घेण्याआधी संग्राहकाने तेवढ्या पैशात मडगावचे तिकीट काढावे, सोबत एक यंत्र न्यावे आणि चार दिवस बसावे. आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी, किंवा गावातल्या जुन्या लाउडस्पीकरवाल्याच्या माळ्यावर तबकड्यांची पेटी असेल, तर ती भंगारात देण्याआधी आम्हाला एक फोन करा. फुटलेल्या असल्या तरी चालतील, लेबल वाचता येते.

बोलणे पुष्कळ झाले. इथे आम्ही एक यंत्र आणले आहे आणि 'शोला जो भडके'ची ७८ ची तबकडी. खरखर आहे, सांभाळून घ्या. गाणे तुमच्या तोंडपाठ आहे, तेव्हा लताबाई आणि चितळकर यांच्याकडे या खेपेला लक्ष देऊ नका. ते थांबतात तिथे ऐका. सुई ठेवतो. मागच्या बाजूचा पंखा जरा बंद करता का?